छर्रे संपले, नेम बसेना

नेमबाजी : वाचकांच्या शंका

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहतो, एका टूलरूममध्ये शिफ्टवर कामाला आहे. दिवाळीच्या बोनसमधून ४.५ मिलिमीटरची, नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअर रायफल घेतली आणि तिच्यावर साडेतीन हजारांचा ४×३२ स्कोप (नेम धरायची दुर्बीण) घरीच बसवला. तीन रविवार रेंजवर जातोय, टार्गेट १० मीटरवर. पहिला छर्रा डावीकडे खाली गेला. स्कोपच्या कागदावर लिहिलंय, नेम सरकवणाऱ्या फिरकीचा एक क्लिक म्हणजे पाव इंच. म्हणून मोजून चार क्लिक वर दिले, चार उजवीकडे. काडीचाही फरक नाही. मग वैतागून वीस दिले, तर छर्रा तीन बोटं पलीकडे! त्यानंतर प्रत्येक छऱ्यामागे काही ना काही फिरवतोच आहे. पाचशे छऱ्यांचा एक डबा संपला, दुसरा अर्ध्यावर आलाय. लेनचे पैसे, छर्रे, लोकलचा प्रवास, सगळं धरून महिन्याचं गणित बिघडलं. मित्र म्हणतो, स्कोप बोगस आहे, दहा-बारा हजारांचा घे. बायको म्हणते, बंदूक विका आणि मिक्सर आणा. नवा स्कोप घ्यावाच लागेल का? आणखी एक, गंज चढू नये म्हणून दर आठवड्याला नळीत तेलाचे चार थेंब सोडतो, ते बरोबर ना?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : मिक्सर आणा. बंदूक विकू नका, आणि स्कोपवर इतक्यात एक रुपयाही घालू नका.

तेलापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते निम्मा घोळ तिथेच आहे. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो आणि समोरची हवा क्षणात दाबतो. दाबलेली हवा तापते. त्या जागी तेल असेल तर ते पेटतं, डिझेलच्या इंजिनात पेटतं तसंच, म्हणून त्याला डिझेलिंगच म्हणतात. आवाज नेहमीपेक्षा मोठा येतो, नळीच्या तोंडाशी निळसर धूर दिसतो, जळक्या तेलाचा वास येतो, आणि छर्रा भलत्याच वेगाने सुटतो. पुढच्या छऱ्याला तेल कमी, वेगही कमी. प्रत्येक छर्रा वेगळ्या वेगाने जात असेल तर जगातला कुठलाही स्कोप त्यांना एका भोकात बसवू शकत नाही. वर पिस्टनच्या सीलचं आयुष्य कमी होतं ते वेगळंच. तेव्हा तेल बंद. सुती कापडाची कोरडी पट्टी दोऱ्याला बांधून नळीतून ओढा, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. मुंबईच्या दमट हवेत गंजाची भीती खरी आहे, पण ती बाहेरच्या लोखंडाला. तेलाचं बोट पुसलेलं फडकं बाहेरून फिरवलंत की झालं. नळीत राहिलेलं तेल जळून जायला काही डझन छर्रे जातील, त्यांचा हिशेब धरू नका.

आता ते चार क्लिक. कागदावरचा पाव इंच खरा आहे, पण तो १०० यार्डांवरचा. स्कोप बनवणारे लांबच्या नेमाचा विचार करून आकडा छापतात आणि यार्डांची अट बारीक अक्षरात टाकतात, किंवा टाकतही नाहीत. क्लिक हा कोन असतो, एका अंशाचा २४०वा भाग (१०० यार्डांवर पाव इंचाहून किंचित जास्त). अंतर कमी झालं की त्याच कोनात छर्रा कमी सरकतो. १० मीटरवर तुमचा एक क्लिक म्हणजे ०.७३ मिलिमीटर. चार क्लिक दिलेत म्हणजे छर्रा जेमतेम ३ मिलिमीटर सरकला, आणि कागदावरचं भोकच साडेचारचं! फरक पडला होता, तो दिसण्याजोगा नव्हता. २५ मीटरवर तोच क्लिक १.८ मिलिमीटर होतो, ५० वर ३.६. छऱ्यांच्या डब्याच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा : १० मीटरवर १ सेंटिमीटर म्हणजे १४ क्लिक.

या हिशेबाने वीस क्लिकना छर्रा दीड सेंटिमीटर सरकायला हवा होता. तुमचा तीन बोटं गेला, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर. हा फरक क्लिकचा नाही. काहीतरी हलतंय. ते काय हलतंय हे घरी बसून, एकही छर्रा न उडवता शोधता येतं.

इथे माझी फजिती सांगते. १९८७ साली मी बँकेत नवीनच लागले होते. एनसीसीत असताना .२२ रायफलीवर २५ यार्डांवरून ग्रुप (एकाच नेमावर पडलेल्या भोकांचा झुबका) काढायची सवय होती, त्यामुळे आपल्याला येतं असा तोरा होता. ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांच्या .२२ वर दुकानातून स्कोप बसवून आणला आणि त्याचा नेम जुळवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पन्नास काडतुसांची पेटी माझ्यासमोर उघडली. वर, खाली, डावीकडे, पुन्हा वर, अशी मी चौतीस काडतुसं जाळली. शेजारच्या लेनवर फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. ते उठून आले, रायफल रिकामी आहे ना विचारलं, बोल्ट उघडून स्वतः बघितलं, आणि स्कोपला अंगठ्याने नुसतं रेटलं. स्कोप रिंगमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या कड्यात, फिरला. बाटलीचं सैल झाकण फिरतं तितक्या आरामात. दुकानदाराने स्क्रू बोटाने लावले होते, पाना लावायचा राहिला होता, आणि मी तासभर त्या स्कोपशी गणित करत बसले होते. सुभेदार एक शब्द बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

म्हणून पहिलं काम स्क्रूंचं. रायफल रिकामी, स्प्रिंग न चढवलेली, छऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत. आणि हे काम भिंतीकडे तोंड करून करा, बाल्कनीत नाही. समोरच्या इमारतीच्या टाकीवर क्रॉसहेअर (स्कोपमधली उभ्या-आडव्या रेघांची फुली) लावून बघण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. समोरच्या माणसाला ती खेळातली एअर रायफल आहे हे कळत नाही, त्याला खिडकीतली बंदूक दिसते. तो पोलिसांना फोन करेल आणि त्याचं काही चुकणार नाही.

आधी दस्त्याचे (रायफल ज्यात बसवलेली असते त्या धरायच्या भागाचे) स्क्रू तपासा, स्प्रिंगच्या रायफलीत तेच सगळ्यात आधी सैल होतात. मग माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी पकड. या रायफली हलक्या दिसल्या तरी स्कोपला बेदम मारतात. पिस्टन पुढे निघतो तेव्हा रायफल मागे ढकलली जाते, आणि पिस्टन पुढे जाऊन आपटतो तेव्हा ती उलट पुढे झटका खाते. एकाच छऱ्यात दोन विरुद्ध धक्के. काडतुसाच्या रायफलीचा स्कोप मागच्या धक्क्याच्या हिशेबाने बांधलेला असतो. हा दुहेरी मार त्यातल्या कित्येकांना सोसत नाही, म्हणून स्कोप 'एअरगनसाठी' आहे का हे घेतानाच बघायचं असतं. सैल माउंट तर रायफलीवरच्या रुळावरून हळूहळू मागे सरकतोच. रुळावर नवा चकचकीत ओरखडा दिसतोय का बघा. दिसला तर चोर सापडला. माउंटला स्टॉप पिन असेल तर ती रायफलीवरच्या भोकात बसवा, नसेल तर माउंटच्या मागे छोटा स्टॉपर लावा.

रिंगचे स्क्रू गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे, समोरासमोरचे, थोडे थोडे. ताकदीने आवळून स्कोपची नळी चेपू नका, टूलरूमच्या हाताला हे वेगळं सांगायला नको. आवळून झालं की नेलपॉलिशचा एक ठिपका असा लावा, की अर्धा रिंगवर आणि अर्धा रुळावर येईल. दर रविवारी ठिपका बघायचा. चिरला असेल तर माउंट हललं. नेलपॉलिश कुणाकडे मागायचं ते तुम्हाला माहीत आहे, मिक्सरचं बोलणं झाल्यावर मागा.

आवळण्याआधी क्रॉसहेअर उभा आहे ना बघायचं. गवंड्याचा ओळंबा आठवा. खोलीच्या त्या टोकाला दोरा टांगा, खाली एक नट बांधा, रायफल सरळ ठेवा आणि स्कोपमधली उभी रेघ त्या दोऱ्यावर बसवा. रेघ तिरकी राहिली तर वर दिलेला क्लिक थोडा बाजूलाही नेतो, आणि माणूस दोन्ही टरेट (स्कोपवरच्या क्लिकच्या फिरक्या) उगाच फिरवत राहतो.

त्यानंतर टरेट मध्यावर आणा. इतके दिवस तुम्ही ते मनाला येईल तसे फिरवलेत, त्यामुळे एखादा टोकाला जाऊन बसला असेल असा माझा कयास आहे. स्वस्त स्कोपमध्ये टरेटच्या समोर आत एक बारीक स्प्रिंग असते. टरेट टोकाशी गेला की ती ढिली पडते, क्लिक दिला तरी आतली नळी जागची हलत नाही, आणि दोन छऱ्यांच्या धक्क्यानंतर एकदम उडी मारते. 'चार दिले तर काही नाही, वीस दिले तर तीन बोटं' यात याचाही हात असू शकतो. टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवा, निम्मे परत या. दोन्ही टरेटचं असंच. ताळा हवा असेल तर स्कोपची पुढची काच सपाट आरशाला टेकवा आणि मागून बघा. क्रॉसहेअर आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकमेकांवर बसलं की मध्य सापडला.

मध्यावर आणलेला स्कोप रुळावर चढवल्यावर छर्रे फार खाली पडायला लागले तर घाबरू नका. नळी मोडणाऱ्या रायफलींची नळी बऱ्याचदा नाक खाली करून असते, जुना रोग आहे. त्यासाठी टरेट वरच्या टोकाला नेण्यापेक्षा मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्यात शिम (पातळ पट्टी) घाला. तुमच्याकडे शिमचा पत्रा असणारच. मी इतकी वर्षं कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मचा तुकडा वापरत आले. दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर असेल तर ०.१ मिलिमीटरचा शिम १० मीटरवर छर्रा १ सेंटिमीटर वर उचलतो. दोन पट्ट्यांच्या वर जाऊ नका, स्कोपची नळी वाकते.

आता रेंज. पण तिथेही पहिली पंधरा मिनिटं छऱ्यांना हात लावायचा नाही.

शाळेच्या स्टेशनरीच्या दुकानातून आलेखाच्या कागदाची चार-पाच पानं घ्या, मिलिमीटरच्या चौकटींची. पुठ्ठ्यावर चिकटवा (लग्नपत्रिकेचा पुठ्ठा यासाठी नामी), मधोमध सेंटिमीटरभराचा काळा ठिपका. कागद १० मीटरवर लावा आणि रायफल वाळूच्या पिशवीवर अशी टेकवून ठेवा की हात न लावता जागची हलणार नाही. आता हात मागे घेऊन, गाल न टेकवता, नुसतं डोळ्याने स्कोपमधून बघत डोकं जरा वर, जरा खाली, डावी-उजवीकडे न्या. क्रॉसहेअर ठिपक्यावरून घसरताना दिसेल. हा पॅरलॅक्स. बऱ्याच स्वस्त स्कोपांत तो १०० यार्डांसाठी कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो. ३२ मिलिमीटर काचेच्या अशा स्कोपमधून १० मीटरवर बघताना डोळा अगदी कडेला गेला तर नेम १४ मिलिमीटरपर्यंत चुकतो. म्हणजे रायफल तसूभर न हलवता, नुसत्या मान वळवण्याने! स्पर्धेच्या टार्गेटवरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो, त्याची निम्मी रुंदी मानेनेच खाल्ली.

स्कोपच्या पुढच्या काचेजवळ अंतराचे आकडे असलेली फिरती रिंग असेल तर ती १० वर आणा आणि पुन्हा बघा, घसरणं जवळपास थांबेल. रिंग नसेल तर इलाज गालाचा. दस्त्यावर गाल जिथे येतो तिथे कापडी चिकटपट्टीचा जाडसर तुकडा लावा, दर वेळी गालाला तोच तुकडा लागला पाहिजे. आणि स्कोपमध्ये चित्राभोवती काळी किनार दिसली तर ती चहूबाजूंनी सारखी असू द्या. एका बाजूला चंद्रकोर दिसली की डोळा सरकला. काही जण पुढच्या काचेची रिंग उघडून काच थोडी फिरवतात आणि पॅरलॅक्स जवळच्या अंतरावर आणतात. जमतं ते. पण आत भरलेला नायट्रोजन निघून जातो, आणि जुलैत त्या स्कोपमध्ये भांडुपचं धुकं दिसतं. मी करत नाही.

पिशवी तशीच ठेवून दुसरी परीक्षा घ्या, हीही फुकट. मित्राच्या 'बोगस'चा निकाल इथेच लागेल. क्रॉसहेअर कागदावर नेमका कुठे आहे ते टिपून ठेवा. २८ क्लिक वर द्या. टरेटवरचा 'वर'चा बाण छर्रा कुठे जाणार ते सांगतो, त्यामुळे क्रॉसहेअर खाली सरकताना दिसेल, दचकू नका. तो २ सेंटिमीटर सरकला पाहिजे, आलेखावर चौकटी मोजा. मग २८ उजवीकडे, २८ खाली, २८ डावीकडे. प्रत्येक वेळी फिरवून झालं की स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने टरेटवर दोनदा हलकेच टकटक करा, स्कोपची अडकलेली आतली नळी जागेवर बसते. चौकोन पूर्ण होऊन क्रॉसहेअर निघाल्या जागी परत आला तर स्कोप कामाचा आहे. मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर साडेतीन हजारांत तेवढं चालायचंच. अर्धा सेंटिमीटर चुकला, किंवा दुसऱ्या वेळी वेगळ्याच ठिकाणी आला, तर मित्र खरा. मग स्कोप परत करा, आणि पुढचा घेताना दहा-बारा हजार बघू नका. एअरगनसाठीचा आहे का आणि जवळच्या अंतराला फोकस होतो का, हे दोनच प्रश्न विचारा.

पिशवीचं सांगायचं राहिलं. तयार पिशव्या महाग असतात. फाटक्या जीन्सचा पाय गुडघ्याशी कापा, एक तोंड शिवा, चाळलेली कोरडी वाळू भरा, दुसरं तोंड शिवा. तांदूळ भरू नका, मी भरले होते. ऑगस्टमध्ये पिशवी चालायला लागली.

या पिशवीवर तुमची रायफल कशी टेकते यावर पुढचं सगळं आहे. काडतुसाची रायफल आपण खांद्याला घट्ट ओढून धरतो. स्प्रिंगच्या रायफलीचं उलटं. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच दोन्ही झटके सुरू झालेले असतात, म्हणून तिला दर वेळी एकाच पद्धतीने उडू द्यायचं. पिशवीवर डाव्या हाताचा उघडा तळवा ठेवा आणि तळव्यावर रायफल, पोळी ठेवावी तशी. बोटं आवळायची नाहीत. खांद्याला नुसता स्पर्श. दस्त्यावर तळवा येतो तिथे पेन्सिलीने खूण करा, कारण दोन बोटं पुढेमागे झालं तरी ग्रुप जागा बदलतो. टेबलाच्या लाकडावर किंवा पाइपवर थेट टेकवून उडवलेला छर्रा हमखास उडी मारतो. तुमच्या तीन रविवारांत रायफल कशावर टेकवली होती हे पत्रात लिहिलं नाहीत. माझा अंदाज, टेबलावर.

आता उडवा. पाच छर्रे, एकाच ठिपक्यावर नेम, आणि मधे टरेटला हात लावायचा नाही. पहिला कुठेही जाऊ दे. पाच झाले की रेंज ऑफिसरने 'सेफ' म्हटल्यावर कागद आणा. पाच भोकांचा मध्य डोळ्याने काढा, त्यावर पेन्सिलीने फुली मारा. फुलीपासून ठिपक्यापर्यंत आलेखावर किती आडवं, किती उभं ते मोजा, मिलिमीटरला ०.७३ ने भागा. २२ खाली असेल तर ३० क्लिक वर, ११ डावीकडे असेल तर १५ उजवीकडे. टकटक करा, दोन छर्रे नुसते स्कोप बसायला उडवा, ते मोजू नका. मग पुन्हा पाच. पुन्हा फुली. शेवटी खात्रीसाठी दहा. सगळे मिळून तीसेक छर्रे लागतील, पाचशेच्या डब्यातला सोळावा भाग.

एकेका छऱ्यामागे टरेट फिरवण्यात काय होतं ते समजून घ्या. समजा तुमच्या हातून, तुमच्या रायफलीतून पाच छर्रे दोन सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात. एक छर्रा त्या वर्तुळात कुठेही पडू शकतो. तो डावीकडच्या कडेला पडला, तुम्ही सगळं वर्तुळ उजवीकडे सरकवलंत. पुढचा नेमका उजव्या कडेला पडला, तुम्ही डावीकडे सरकवलंत. दीड डबा असाच गेलाय. आणि हो, छर्रे एकाच प्रकारचे वापरा. दुसऱ्या डब्यात वेगळ्या वजनाचे असतील तर झीरो (नेम आणि छर्रा एका जागी आणणं) नव्याने करावा लागेल. पण नव्या स्कोपच्या पैशांत तीन-चार वेगळ्या छऱ्यांचे डबे घेऊन कुठला आपल्या नळीला मानवतो ते बघणं कधीही शहाणपणाचं. एकाच रायफलीचा ग्रुप नुसत्या छर्रे बदलण्याने निम्मा झालेला मी पाहिलाय.

पुढे कधी २० मीटरवर उडवायला मिळालं तर छर्रा वर लागेल, खाली नाही. स्कोप नळीच्या चारेक सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे १० मीटरवर झीरो केलेली नळी नजरेच्या रेषेच्या मानाने किंचित वर तोंड करून असते. छर्रा ती रेषा १० मीटरवर खालून वर ओलांडतो. तुमच्यासारख्या रायफलीत २० मीटरवर साधारण सेंटिमीटरभर वर लागतो आणि त्यानंतर खाली यायला लागतो. मग पुन्हा टरेटच्या मागे लागू नका, कागदावर लिहून ठेवा.

एक कायद्याचं, कारण तुम्ही लोकलने ये-जा करता. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. पण खरेदीची पावती, ओळखपत्र आणि रेंजचं कार्ड केसमध्येच ठेवा, केसला कुलूप लावा, आणि गर्दीच्या वेळी जाऊ नका. साडेनऊची ठाणे लोकल आणि चार फुटांची केस यांचं जमत नाही.

•

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी दादरहून वरळीच्या रेंजवर एअर रायफल शिकायला जाते. स्कोप लावला तर नेम लवकर बसेल आणि तिचा हुरूप वाढेल असं तिच्या वडिलांना वाटतं. घ्यावा का?
— एक आई, दादर

उत्तर : नको. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, मागे बारीक भोकाची पीप साइट आणि पुढे गोल रिंग. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि तो डोळ्याला दिसतही नाही. मुलं काळ्या गोलाभोवती पांढरी किनार सारखी ठेवायला शिकतात आणि ठिपका आपोआप मिळतो. आपल्या मुंबईची अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेली ती याच साइटवर, आणि कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्य घेतलं तेही दुर्बिणीशिवाय. वडिलांना सांगा, ते पैसे छऱ्यांसाठी ठेवा. नेमबाजीचं जॅकेटही इतक्यात शिवून घेऊ नका, या वयात मुली भराभर वाढतात.

•

प्रश्न : मी गिरगावात राहतो, वय ७१. माझ्या जुन्या स्पॉटिंग स्कोपच्या (टार्गेटवरची भोकं लांबून बघायच्या दुर्बिणीच्या) आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आलंय. बाहेरून पुसून जात नाही. काय करावं?
— एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : बुरशी आहे, काका. पुसून जाणार नाही, कारण ती आतल्या बाजूला आहे. घरी उघडू नका, काचा परत होत्या तशा बसत नाहीत. कॅमेऱ्याच्या लेन्स साफ करणाऱ्या कारागिराकडे न्या, आणि लवकर न्या. बुरशी जुनी झाली की काचेवरचा लेप खाते आणि मग साफ केल्यावरही डाग राहतो. परत आल्यावर कपाटात, आणि चामड्याच्या केसमध्ये तर मुळीच ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं. रबराची कड असलेला, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलची पुरचुंडी ठेवा. नारंगी दाणे हिरवे झाले की ओल भरली. जाड तव्यावर मंद आचेवर परता, पुन्हा नारंगी झाले की गार करून डब्यात. पावसाळ्यात माझ्याकडे हे दर पंधरा दिवसांनी होतं. तवा मात्र वेगळा ठेवा, भाकरीचा वापरू नका.